गोणीमागे चार रुपये

सकाळी ६.२०

बार्शीत फेब्रुवारीची थंडी पहाटेपुरतीच उरली आहे. कुर्डुवाडी रस्त्यावरच्या या सिमेंट-लोखंडाच्या दुकानाचं शटर अजून खाली आहे, पण शेजारच्या गोदामासमोर हमालांच्या टोळीतले तात्या येऊन पोचले आहेत. वय ५८. त्यांनी सायकल भिंतीला लावली, डबा खिळ्याला अडकवला आणि गोदामातल्या फळ्या पायाने दाबून बघितल्या. एक हलत होती, तिच्याखाली विटेचा तुकडा सरकवला.

सिमेंट जमिनीवर ठेवत नाहीत, ओल चढते. खाली फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर, आणि थप्पी दहा गोण्यांच्या वर न्यायची नाही. जास्त चढवली की खालच्या गोणीतलं सिमेंट दाबाने घट्ट बसतं आणि गिऱ्हाईक ती परत आणतं.

मागच्या गाडीच्या ६० गोण्या भिंतीकडे राहिल्या आहेत. त्या पुढे आणायच्या, कारण जुना माल आधी गेला पाहिजे. तीन महिने पडून राहिलं की सिमेंटचा जोर उतरतो. सात वाजायच्या आत टोळीने त्या ६० गोण्या पुढे आणून लावल्या. तीन टन वजन. याला इथे थप्पी फिरवणं म्हणतात. याची हमाली नाही. कधीच नव्हती. माल दुकानाचा, जागा दुकानाची, फायदा दुकानाचा. मला वाटतं, याचे पैसे मिळायला हवेत. तात्यांनी हे मागितलं का, असं विचारलं तर ते म्हणाले, "गाडी लावायला जागा आमालाच लागती की."

टोळी आज चौघांची आहे. एरवी सहा जण असतात. दोघे दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाला गेले. मुकादमाची उचल घेतली होती, जाणं भाग होतं. कारखाना बंद झाला की परत येतील.

सकाळी ७.१०

गाडी लागली. सोलापूरजवळच्या होटगीहून आली आहे. ४०० गोण्या, म्हणजे २० टन. ड्रायव्हरने फाळका पाडला आणि तो चहाला गेला.

मालकांना सगळे आप्पा म्हणतात. ते मोटारसायकलवरून आले आणि खाली न उतरताच म्हणाले, "तात्या, २२० घ्या. १८० तशाच साइटला."

तात्यांनी मान हलवली. चौघांनी पोत्याच्या खोळी डोक्यावर घेतल्या. एक कोपरा दुसऱ्यात खोचला की खोळ डोकं, मान आणि पाठ झाकते. तरी सिमेंट आत जातंच. गाडीवर दोघे चढले, खाली दोघे राहिले. वरचे गोणी कडेला ओढतात, उभी करतात, खालच्याच्या पाठीवर देतात. खालचा वाकून चौदा पावलं चालतो, गोणी थप्पीवर टाकतो, तसाच वळतो. गोणी टाकताना ती आडवी-उभी सांधायची असते, नाहीतर थप्पी कलते. धान्याच्या पोत्याला आकडा लावता येतो. सिमेंटच्या गोणीला आकडा चालत नाही, प्लॅस्टिकचं विणकाम फाटतं. सगळं हातानेच.

गोण्या गरम आहेत. कारखान्यातून निघालेलं सिमेंट वाटेत पुरतं निवत नाही. थंडीत बरं वाटतं, असं टोळीतला पोरगा म्हणाला. एप्रिलमध्ये हीच गोणी मानेला चटका देते. घामात सिमेंट मिसळलं की कातडी सोलते. चौघांच्याही मानेवर, खोळीची कड जिथे येते तिथे, एक काळपट पट्टा आहे.

पन्नासेक गोण्यांनंतर वरचे खाली, खालचे वर. बोलणं जवळजवळ नाही. मोजणी मात्र चालू असते. दर पाचाला तात्या खडूने दारावर रेघ मारतात.

एक गोणी फुटली. पोरग्याने ती बाजूला ठेवली. सांडलेलं झाडून, चाळून वेगळ्या पिशवीत भरलं. ते अर्ध्या भावात कुणीतरी उंबरा बसवायला नेतं.

सकाळी ८.३०

२२० झाल्या. दारावर ४४ रेघा. फाळका वर झाला आणि उरलेल्या १८० गोण्या घेऊन गाडी बायपासजवळच्या एका मोठ्या साइटकडे गेली. तिथे ठेकेदाराची माणसं उतरवतील.

उतराई गोणीमागे चार रुपये. २२० चे ८८०. चौघांत वाटले तर प्रत्येकी २२०. गाडी पूर्ण इथे उतरली असती तर प्रत्येकी ४०० झाले असते.

टपरीवर चार चहा. दहा रुपयांचा एक. टोळीतला एक जण चहा घेताना कायम गोण्यांत बोलतो. "अडीच गोण्या प्यालो," असं म्हणाला आणि कप ठेवला.

सकाळी ९.००

दुकानाचं शटर वर गेलं. पुढच्या भागात रंग, पाइप, नळ, खिळे, पत्रे. काउंटरवर एक पोरगा, दहा हजार रुपये महिना. संगणकावर ताई, बारा हजार. छोट्या हत्तीचा ड्रायव्हर तेरा हजार. आप्पांच्या वडिलांच्या वेळी इथे गादीवर दिवाणजी बसायचे, शिवाय वसुलीला एक माणूस, बिलं पोचवायला एक. ते तिघेही आता ताईंच्या एका खुर्चीत आले आहेत. बिल, ई-वे बिल, जीएसटीचा हिशेब, बँक, उधारीचे फोन, सगळं त्याच बघतात. मधूनच गिऱ्हाइकाला कोपर आणि सॉकेटही काढून देतात.

पहिला फोन एका ठेकेदाराचा. भाव विचारतो. ताई ३४० सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा गोणीमागे पंचवीस-तीस रुपये उतरले होते. ठेकेदाराला आणखी पाच कमी हवे आहेत. ताई म्हणाल्या, "गाडी डायरेक्ट घ्या, पाच कमी करते. गोदामातून नाही जमणार."

हे पाच रुपये कुठून येतात, ते आप्पांनी मला सरळ सांगितलं. किरकोळ विक्रीत गोणीमागे आठ-दहा रुपये सुटतात. गोदामात उतरवली की त्यातले चार हमालीत जातात, शिवाय गोदामाचं भाडं आणि फुटतूट. गोणी गोदामात आलीच नाही तर हे सगळं वाचतं. "महिन्याला चार हजार गोण्या विकतो," आप्पा म्हणाले. "त्यातल्या अठराशे तर मी बघतसुद्धा न्हाई. फोनवरच जात्यात."

सकाळी ९.४०

छोटा हत्ती गोदामाला लागला. १५ गोण्या भरायच्या. भराई गोणीमागे तीन रुपये, साइटवरची उतराई चार. ही सातची हमाली गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी लागते. ही गाडी येण्याआधी माल हातगाडीवर जायचा. दहा गोण्या लादायच्या, एकाने पुढे ओढायचं, एकाने मागून रेटायचं. भगवंत मंदिराकडच्या गल्ल्यांत गाडी फिरवणं हे कसबाचं काम होतं. तात्यांनी ते चार वर्षं केलं. हातगाडीवाल्यांची वेगळी टोळी होती. ती आता नाही.

भराई चालू असतानाच एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत नवरा, बायको आणि शाळकरी मुलगा. परांडा तालुक्यातल्या एका गावाहून आले आहेत. घरकुल मंजूर झालं आहे, हप्ता जमा झाला आहे. १२ गोण्या आणि थोडी सळी हवी आहे. मैदानी भागातल्या घरकुलासाठी केंद्राच्या योजनेत २०१६ साली १ लाख २० हजार रुपये ठरले. ती रक्कम अजून तेवढीच आहे. बाईंनी पिशवीतून कागद काढला. त्यावर गवंड्याने लिहून दिलेली यादी होती.

ताईंनी बिल केलं. भराईचे ३६ रुपये धरू लागल्या तसे गडी म्हणाले, "भरतो आमी. हाय की तिघं."

आणि त्यांनी भरल्या. गड्याने पाठीवर, बाईंनी आणि मुलाने दोघांत मिळून एक. पन्नास किलोची गोणी दोन टोकांना धरून नेणं पाठीवर नेण्यापेक्षा अवघड आहे, मध्ये ती वाकते आणि बोटांतून निसटते. काही गावांत टोळीने हात न लावताही वाराई, म्हणजे हमाली, मागतात. इथे तात्यांची टोळी मागत नाही. ते थोडा वेळ बघत राहिले, मग आपली खोळ काढून बाईंच्या खांद्यावर टाकली. "अशी धरू नका ताई, बोटं जातील. खालनं हात घाला." पण उचलायला ते पुढे झाले नाहीत. एकदा फुकट उचलली की उद्या दहा ट्रॉल्या फुकट मागतील. हे कठोर वाटतं. तात्यांची गोणी ज्या दराने उचलली जाते तो दर टिकवायचा तर हेच करावं लागतं, असं मला तिथे उभं राहून पटलं.

सकाळी ११.१५

तिसरी खेप. सोलापूर रस्त्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर १५ गोण्या. मजल्याचे वेगळे चार रुपये, म्हणजे दोन मजल्यांचे गोणीमागे आठ. जिन्याला कठडा नाही, पायऱ्या अजून कच्च्या, फरशी बसलेली नाही. तात्या चढत नाहीत. गुडघा. ते खाली गाडीजवळ राहून पाठीवर देतात, तिघे चढतात. पैसे मात्र चौघांत सारखे वाटले जातात. टोळीचा हा नियम जुना आहे. म्हाताऱ्याला खालचं काम, वाटा पूर्ण. तात्या पंचविशीत होते तेव्हा त्यांनीही टोळीतल्या म्हाताऱ्यांसाठी जिने चढले आहेत.

टोळीतला पोरगा चोविशीचा आहे. पाच फेऱ्या झाल्यावर तो वरच बसला, पाणी प्याला. चाकणला मित्र गोदामात आहे, म्हणाला. पाळी आठ तासांची, महिन्याला पगार, खोक्यावर यंत्र लावून वाचायचं आणि पट्ट्यावर टाकायचं. "तिथं वजन न्हाई," तो म्हणाला. पाडव्यानंतर जाणार आहे. तात्यांना अजून सांगितलेलं नाही. तात्यांना माहीत आहे.

तीन खेपांच्या ४५ गोण्या, सातप्रमाणे ३१५. मजल्याचे १२०. एकूण ४३५.

दुपारी १२.३०

जालन्याची गाडी. लोखंड. आधी वजनकाट्यावर जाऊन आली, पावती ड्रायव्हरच्या हातात. सहा टन. सळी १२ मीटरची असते, ती मध्ये वाकवून दुहेरी केलेली. १२ मिलिमीटरच्या पाच सळ्यांचं एक बंडल, साधारण ५३ किलो. ८ मिलिमीटरच्या दहा, ४७ किलो. बंडल कुठल्याही जाडीचं घ्या, पन्नासच्या आसपास वजन. माणूस किती उचलतो यावरूनच ते ठरलं असावं.

सहा टन म्हणजे १२० बंडलं. दोघांच्या खांद्यावर एक. खांद्यावर पोत्याची घडी. पुढचा आणि मागचा यांची पावलं एक पडली पाहिजेत, कारण दुहेरी सळी चालताना झुलते आणि तिची उसळी मागच्याच्या मानेवर येते. तात्या पुढे असतात. ते मध्येच "हां" म्हणतात, तेव्हा मागच्याने पाऊल बदलायचं. बांधलेली तार तुटली तर सळीचं टोक फटका मारतं. टोळीतल्या एकाच्या भुवईवर त्याची खूण आहे.

ऊन चढलं आहे. मी लोखंडाला हात लावून बघितला, लगेच काढला. या चौघांकडे हातमोजे आहेत, आप्पांनीच आणून दिले होते. घालत नाहीत. मोज्यात पकड सरकते म्हणतात.

दर टनाला २०० रुपये. सहा टनांचे १,२००. आजच्या दिवसातलं हे सगळ्यात मोठं काम. महिन्याला अशा तीन-चार गाड्या येतात.

गोदामाच्या कडेला तयार रिंगांचे गठ्ठे रचलेले आहेत. कॉलमच्या या रिंगा पूर्वी साइटवर फिटर बसून वाकवायचा, पाटावर खिळे ठोकून, दिवसभर. आता त्या मशीनवर वाकवून येतात आणि किलोवर विकल्या जातात. किलोमागे थोडे जास्त पडतात. ठेकेदार ते आनंदाने देतो.

दुपारी २.१५

जेवण. नळाखाली हात, मान, मग डोळ्यांच्या कडा. आधी कोरड्या फडक्याने झटकायचं, मग पाणी. उलट केलं तर सिमेंट कातडीवरच बसतं. मग हाताला खोबरेल. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पातळ पिठलं, कांदा. पोरग्याच्या डब्यात चपाती आणि अंडी.

तात्यांच्या खोबरेलाची बाटली महिन्याला एक लागते. खोळीचं पोतं दोन महिन्यांत फाटतं, ते दुकानातून फुकट मिळतं. गुडघ्याचा पट्टा ३५० रुपये. रात्रीची दुखणं थांबवायची गोळी. सायकलची ट्यूब. हे सगळं चार रुपयांतूनच जातं.

त्यांचे थोरले बंधू मार्केट यार्डात, भुसार बाजारात हमाल होते. दोघांनी सुरुवात तिथेच केली, १९८६ च्या सुमाराला. तेव्हा धान्याचं पोतं शंभर किलोचं. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ माणसासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती, आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन पन्नासवर आणण्याची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. तात्यांना तेवढी वाट बघायची नव्हती. सिमेंटची गोणी पन्नासची आहे आणि पैसे रोजच्या रोज मिळतात, म्हणून १९९१ साली ते इकडे आले.

भाऊ तिथेच राहिले. पुढे त्यांचं नाव माथाडी मंडळात लागलं. १९६९ च्या कायद्याने अशी मंडळं झाली. व्यापारी हमालीची रक्कम आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी देतं. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे. भावाने निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून दोन खोल्या बांधल्या. सिमेंट याच दुकानातून नेलं. तात्यांनी ते उतरवलं, आणि त्या दिवशी टोळीने हमाली घेतली नाही. तात्यांचं स्वतःचं नाव कुठल्याच मंडळात नाही.

"तवा कळलं न्हाई," एवढंच ते म्हणाले, आणि डबा धुवायला उठले.

दुपारी ३.३०

दुकानात ही वेळ सुस्त. रस्त्यावर ऊन, गिऱ्हाईक नाही. आप्पांनी वरच्या फळीवरून लाल वह्या काढल्या. वडिलांच्या हाताच्या. १९८२ साली सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण अर्धं उठलं. त्याआधी परमिटावर मिळायचं, घराच्या स्लॅबसाठी तहसीलात अर्ज करावा लागे. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं आणि वडिलांनी लाकडाच्या वखारीची जागा मोकळी करून तिथे गोदाम केलं.

प्रत्येक वहीत हमालीचं एक पान आहे. १९९१ च्या वहीत गोणी ९५ रुपये, उतराई २५ पैसे. तेव्हा सिमेंट तागाच्या गोणीत यायचं, गोणी उचलली की धूर उठायचा. २००१ ला १४५ आणि ७५ पैसे. २०११ ला २६० आणि दीड रुपया. कोरोनाच्या वर्षी दर हललाच नाही. आज ३४० आणि चार.

आप्पांनी कॅल्क्युलेटर काढला. गोणी साडेतीन पट झाली, हमाली सोळा पट. त्यांनी ते मला दाखवलं, मग दारात बसलेल्या तात्यांनाही दाखवलं. "बघा तात्या. सोळा पट."

तात्यांनी थोडा विचार केला. "तवा ज्वारी तीन रुपये किलो हुती. बारा गोण्या टाकल्या की किलोभर यायची. आता मालदांडी चाळीसला हाय. दहा गोण्या."

दोन्ही हिशेब बरोबर आहेत. तिसराही एक आहे, तो वहीच्या त्याच पानावर दिसतो. १९९१ च्या टोळीत ११ नावं आहेत. हंगामात दिवसाला दोनशे गोण्यांच्या तीन-तीन गाड्या, आणि सगळ्या इथेच उतरलेल्या. सगळी कामं धरून प्रत्येकाच्या नावापुढे दिवसाला ४० रुपयांच्या आतबाहेरचे आकडे. आजच्या पानावर चार नावं, आणि जालन्याची गाडी येत नाही त्या दिवशी प्रत्येकी ३०० ते ४००. गवंडी आज बार्शीत हजारापर्यंत घेतो.

अकरा नावं आप्पांनी बोटाने वाचली. तिघे वारले. दोघे पुण्याला मुलांकडे. एकाची चहाची टपरी आहे, समोरचीच, सकाळी चहा तिथेच झाला. बाकीच्यांचं तात्यांनाही नीट सांगता येईना.

दुपारी ४.४५

फरशी. मोरबीहून आलेला माल मागच्या खोलीत आहे, त्यातली ७० खोकी एका टेम्पोत भरायची. पूर्वी दोन बाय दोनची फरशी खपायची, खोक्यात चार. आता सगळ्यांना चार बाय दोनची हवी. खोक्यात दोनच, पण वजन तीस किलोच्या वर आणि उभंच धरावं लागतं. आडवं धरलं की मध्ये तडा. पाठीवर घेता येत नाही. दोन्ही हात पसरून पोटाशी धरायचं, समोरचं दिसत नाही, पाय चाचपत टाकायचा.

खोक्याला पाच रुपये. यावर वाद आहे. तात्यांचं म्हणणं, मोठ्या खोक्याला सात हवेत, वेळ दुप्पट लागतो. आप्पांचं म्हणणं, वजन तर सिमेंटपेक्षा कमी. मग तात्यांनी उलटं विचारलं, पुट्टीची गोणी चाळीसची होती ती वीसचीही आली, तिचे तुम्ही दोन रुपये केले. तिथे वजन बघितलं तर इथे वेळ का बघत नाही? आप्पांना उत्तर सुचलं नाही. फुटलं तर काय, हेही ठरलेलं नाही. एखादी फुटली तर दुकानाची, एवढा रिवाज आहे. जास्त फुटल्या तर त्या दिवशी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

आज एकही फुटली नाही. ७० खोकी, ३५० रुपये. पंचेचाळीस मिनिटं लागली.

संध्याकाळी ६.३०

हिशेब. काउंटरच्या कडेला चौघे उभे. ताई वाचतात, तात्या बोटांवर पडताळतात. सिमेंट ८८०. खेपा आणि मजला ४३५. लोखंड १,२००. फरशी ३५०. एकूण २,८६५. सकाळच्या चहाचे ४० वजा. राहिले २,८२५.

पोरग्याने फोनवर भागून बघितलं. ७०६ रुपये २५ पैसे. प्रत्येकी ७०६, आणि उरलेला एक रुपया तात्यांच्या डबीत. डबीतले पैसे पोळ्याला आणि कुणी आजारी पडलं तर. तिघांनी फोनवर घेतले, तात्यांनी रोख. आप्पांनी शंभराच्या सात नोटा मोजून दिल्या, वरचे सहा सुट्टे.

मी माझ्यासाठी गोणी, लोखंड आणि फरशी मिळून वजन काढलं. सकाळची फुकटची थप्पी धरून आज या चौघांनी जवळजवळ २४ टन माल हलवला. भराई आणि उतराई वेगळी मोजली तर आणखी दोन टन.

तात्या जागचे हलले नाहीत. "आप्पा, पाडवा महिन्यावर आलाय. पाच करा."

"साडेचार," आप्पा म्हणाले. "डायरेक्टवाला पाच रुपयानं खाली विकतोय. मी कुठनं घालू?"

"थप्पी फिरवायचं मग वेगळं धरा."

हे आज पहिल्यांदा मागितलं गेलं. मी सकाळी विचारलं म्हणून, की पोरगा जाणार म्हणून, ते मला कळलं नाही. आप्पांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. गोदामातून महिन्याला २,२०० गोण्या जातात. चारचे साडेचार केले तर १,१०० रुपये, पाच केले तर २,२००. ताईंनी हे आकडे आधीच कागदाच्या कडेला लिहून ठेवले होते. आप्पांनी ते बघितले. "पाडव्याला बसू," म्हणाले. "नारळ फोडल्यावर."

"थप्पीचं पण?"

"थप्पीचं पण बसू."

संध्याकाळी ७.०५

कंपनीच्या माणसाचा फोन. उद्या पुन्हा गाडी आहे, सहाला लागेल. ४०० गोण्या. ताईंनी ऑर्डरी बघून विभागल्या. वसाहतीतल्या शाळेच्या कामाला २५०, गोदामात १५०.

तात्यांनी ऐकलं, मनात भाग दिला. प्रत्येकी दीडशे रुपये. मग गोदामात जाऊन त्यांनी आज लावलेल्या थप्प्या बघितल्या, बॅटरी पाडून मागच्या भिंतीपर्यंत. उद्याच्या १५० ठेवायच्या तर आजच्या २२० मधल्या शंभर-सव्वाशे पुढे घ्याव्या लागतील.

"साडेपाचला या," त्यांनी तिघांना सांगितलं. पोरगा म्हणाला, सहा चालतील. तात्या म्हणाले, "गाडीला सहा. थप्पीला साडेपाच. आणि मोजून ठेवा किती फिरवल्या त्या."